सेनापती आणि घरचा कर्ता

गेल्या अक्षय्यतृतीयेस आमच्या कल्याणच्या घरी बऱ्याच वर्षांनी सारे कुटुंब एकत्र जमले होते. ह्या घरास आम्ही अद्याप वाडा म्हणतो, ते केवळ सवयीने. पारनाक्याजवळच्या त्या जुन्या वास्तूपैकी आता तीन खोल्या आणि एक तुळशीवृंदावन एवढेच आमच्याकडे उरले आहे. धाकटे बंधू डोंबिवलीस, पुतणे ठाण्यास, भाचरे पुण्यास व परदेशी, अशी पांगापांग केव्हाच झाली. तथापि सणावारी पाने मांडली की पूर्वीचा पंक्तिक्रम आपोआप लागतो, आणि ज्येष्ठपणाच्या नात्याने पहिले पान आमच्याकडे येते.

आमरसाची दुसरी वाटी चालू असता बंधूंच्या सतरा वर्षांच्या नातीने एकाएकी विचारले, "मोठे आजोबा, सेनापती नक्की काय करतो हो?"

आम्ही सहज उत्तरलो, "लढतो. दुसरे काय करणार?"

"मग शिपाई काय करतो?"

पंक्तीत हशा पिकला. आम्हीही हसलो, परंतु उत्तर काही सुचले नाही. तेवढ्यात तिच्या आईने खुलासा केला की, मुलीच्या मनात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेस बसावयाचे आहे, अर्ज भरण्याची मुदत जवळ आली आहे, आणि आईबापांचा होकार असला तरी घरच्या वडील माणसास विचारल्याविना पुढे जाऊ नये असे त्यांस वाटते. हशा थांबला. आमचे बंधू मान खाली घालून पानातल्या कुरडईचे तुकडे करीत राहिले. त्यांनी वर पाहिले नाही, आणि आम्हालाही त्यांच्याकडे पाहण्याचा धीर झाला नाही. ह्याचे कारण पुढे येईलच. "दोन आठवड्यांनी सांगतो," एवढे बोलून आम्ही हात धुण्यास उठलो.

ते दोन आठवडे आम्ही त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात घालविले. निवृत्त मनुष्यास वेळ असतो, आणि आमच्या कपाटात जुन्या पुस्तकांची वाण नाही.

प्रथम महाभारत उघडले. कौरवांकडे अकरा अक्षौहिणी सैन्य आणि पांडवांकडे सात, हे लहानपणी पाठ केलेले गणित. परंतु त्या अठरा दिवसांत कौरवांचे सेनापती किती झाले हे आम्ही कधी मोजलेच नव्हते. भीष्म दहा दिवस, द्रोण पाच, कर्ण दोन, शल्य अर्धा दिवस, आणि सर्व संपल्यावर रात्रीच्या अंधारात अश्वत्थामा. पांडवांचा सेनापती मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकच, धृष्टद्युम्न. पराक्रमाने तो भीष्माच्या पासंगासही पुरत नव्हता, आणि अर्जुन-भीमांसारखे वीर त्याच्या हाताखाली होते. म्हणजे सेनापती हा सैन्यातील सर्वांत मोठा योद्धा असतो ही आमची समजूत पहिल्याच दिवशी ढासळली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तेच दिसले. तेथे सेनापतीचे वेतन ४८,००० पण ठरविले आहे, आणि मंत्री, पुरोहित व युवराज ह्यांचेही नेमके तेवढेच. राज्यकर्त्याच्या दृष्टीने तलवार चालविणाऱ्यापेक्षा राज्याचा भार वाहणाऱ्यांच्या पंक्तीत सेनापतीचे पान मांडलेले होते.

नंतर शिवकालाकडे वळलो. कल्याणच्या माणसास हा इतिहास काही परका नाही. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, आणि दोनएक वर्षांत आमच्या ह्याच खाडीवर, दुर्गाडीच्या पायथ्याशी, पोर्तुगीज कारागिरांच्या साह्याने महाराजांची लढाऊ गलबते बांधली जाऊ लागली. लहानपणी नवरात्रात दुर्गाडीच्या देवीस जाताना आमच्या वडिलांनी खाडीकडे बोट करून हे सांगितल्याचे आम्हास आठवते. परंतु सैन्य चालत कसे होते, हे वडिलांनी सांगितले नव्हते. सभासदाच्या बखरीत ते सविस्तर आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, आणि सर्वांवर सरनोबत. पायदळाचा सरनोबत वेगळा. दर २५ घोड्यांमागे एक पाणक्या आणि एक नालबंद. हजाऱ्याजवळ हिशेबास मजमुदार व कारभारी. ही उतरंड वाचताना आमच्या लक्षात आले की, सरनोबत हा एका अवाढव्य संसाराचा कर्ता होता. घोड्याचा नाल वेळेवर बसला की नाही, वैरण पावसाळाभर पुरेल की नाही, ही काळजी वर चढत चढत अखेर त्याच्याच उशाशी येऊन बसत होती. चिपळूण भागात छावणी असता महाराजांनी आपल्या अंमलदारांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. साठ्यातील दाणागोटा जपून न वापरला तर घोडी उपाशी मरतील, मग शिपाई कुणब्याच्या घरी हात घालतील, आणि रयतेस मोगल बरा वाटू लागेल, असा त्यातील इशारा आहे. रयतेस लोकांनी त्रास देऊ नये, ही त्यातील ताकीद आहे. लढाईचा शब्दही नसलेल्या ह्या पत्रात सेनापतीच्या कामाचे अर्धे सार आले आहे.

उरलेले अर्धे सार प्रतापराव गुजरांच्या कथेत सापडते. नेताजी पालकरांनंतर कडतोजी गुजर सरनोबत झाले व प्रतापराव ह्या किताबाने ओळखले जाऊ लागले. १६७३ साली उमराणीजवळ त्यांनी बहलोलखानास कोंडीत धरले व तो शरण आल्यावर सोडून दिला. खान पुन्हा उलटला. महाराजांनी कठोर शब्दांत जाब विचारला, आणि तो बोल जिव्हारी लागून २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले व पडले. त्या सात वीरांचे गीत महाराष्ट्राच्या ओठांवर आहे, आणि असावयासच हवे. परंतु त्या दिवशी स्वराज्याचे सैन्य सेनापतीवाचून पोरके झाले, हेही तितकेच खरे. शिपायास जीव देण्याचा अधिकार असतो. सेनापतीस तो नसतो, कारण त्याचा जीव त्याच्या एकट्याचा राहिलेला नसतो. प्रतापरावांच्या जागी हंसाजी मोहिते आले. तेच हंबीरराव. त्याच वर्षी जून महिन्यात राज्याभिषेक झाला तेव्हा सिंहासनापाशी अष्टप्रधानांत एक सेनापती म्हणून ते उभे होते.

येथवर वाचून झाल्यावर आमच्या मनात स्वजातीचा अभिमान डोकावला, हे कबूल करावयास हवे. कल्याण-ठाण्याच्या आमच्यासारख्या घरांतून पेशव्यांच्या मोहिमा जणू आपल्याच काकांनी मारल्या अशा थाटात सांगितल्या जातात. आमच्या आजोबांच्या तोंडी तर वसईचा वेढा नित्य असे. म्हणून तेही प्रकरण नीट वाचले. १७३७ च्या मार्चात मराठ्यांनी ठाण्याचा, पोर्तुगीज अजून बांधीतच होते तो किल्ला घेतला. त्या कामी अंजूरच्या गंगाजी नाइकांसारख्या स्थानिक मंडळींनी मोठे साह्य केले. आणि दोन वर्षांच्या झुंजीनंतर मे १७३९ मध्ये वसई पडली. ह्या सर्व मोहिमेचे नेतृत्व चिमाजी आप्पांचे. परंतु चिमाजी आप्पा सेनापती नव्हते! सेनापतीपद तेव्हा तळेगावच्या दाभाडे घराण्यात होते.

पद एकीकडे आणि काम दुसरीकडे, हा प्रकार कसा झाला, ह्याचे मूळ थोडे मागे आहे. १७११ साली सेनापती चंद्रसेन जाधव शाहू महाराजांना सोडून ताराबाईंकडे गेले, तेव्हा नवे सैन्य उभे करण्याचे काम बाळाजी विश्वनाथांवर आले व त्यांस सेनाकर्ते हा किताब मिळाला. लेखणी आणि वसुलीच्या कामात मुरलेला हा गृहस्थ. त्याने सैन्य उभे केले ते पैशाची व माणसांची जुळणी करून. पुढे पेशवे व सेनापती ह्यांचे वैर इतके वाढले की, १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या रणात बाजीराव आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे समोरासमोर आले, व त्रिंबकराव मारले गेले. मराठ्यांचा सेनापती मराठ्यांच्याच गोळीने पडला. शाहू महाराजांनी पद दाभाड्यांकडेच ठेवले. परंतु धाकटे यशवंतराव लहान असल्याने कारभार त्यांच्या मातोश्री उमाबाई पाहू लागल्या, आणि गुजरातेतील स्वारीवर त्या स्वतः गेल्या. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले व क्षणभर हसलो. नातीस देण्यासारखे काही तरी सापडले होते.

इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेतला, पुढे त्याचा तुरुंग केला, आणि तो आजही तुरुंगच आहे. त्यांच्या अमदानीत हिंदुस्थानचा सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या खालोखाल मानला जाई. १९०५ साली किचनेर आणि कर्झन ह्यांच्यात सैन्यावर अखेरचा शब्द कोणाचा ह्यावरून झगडा जुंपला, आणि व्हाइसरॉयलाच राजीनामा द्यावा लागला. स्वातंत्र्यानंतर हे पारडे फिरले, व ते कसे फिरले हे दिल्लीतील एका वास्तूवरून कळते. सरसेनापतीसाठी बांधलेल्या भव्य निवासस्थानी पंडित नेहरू राहावयास गेले. तेच तीन मूर्ती भवन. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा हे पहिले भारतीय सरसेनापती झाले, म्हणून तो दिवस सैन्यदिन म्हणून पाळला जातो. १९५५ साली सरसेनापती हे नावही गेले व भूदलप्रमुख हे आले. घटनेच्या ५३ व्या कलमान्वये संरक्षणदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, आणि व्यवहारात निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. भूदलप्रमुखाची मुदत तीन वर्षे किंवा वयाची ६२ वर्षे, ह्यांपैकी जे आधी येईल ते. २०२० च्या १ जानेवारीस जनरल बिपिन रावत ह्यांनी तिन्ही दलांचे संरक्षणप्रमुख हे नवे पद स्वीकारले. परंतु त्या पदासही तिन्ही प्रमुखांवर रणांगणातील हुकूम चालविण्याचा अधिकार दिलेला नाही. बारा लाखांहून अधिक माणसांचे सैन्य ज्याच्या शब्दावर हलते, त्याला स्वतःच्या मनाने युद्ध पुकारता येत नाही, आणि मुदत संपली की तो निमूटपणे घरी जातो. जगात पुष्कळ देशांना हे साधलेले नाही.

ह्या पदावर आपल्याकडील माणसेही गेली. अलिबागेस जन्मलेले जनरल अरुणकुमार वैद्य १९८३ ते १९८६ भूदलप्रमुख होते. १९६५ व १९७१ अशा दोन्ही युद्धांत त्यांना महावीरचक्र मिळाले होते. १९८४ साली अमृतसरची अत्यंत कठीण कामगिरी त्यांच्या कारकिर्दीत सैन्यावर आली, आणि निवृत्तीनंतर अवघ्या काही महिन्यांत, १० ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्याच्या रस्त्यावर मारेकऱ्यांनी त्यांचा बळी घेतला. निर्णय सरकारचा होता. किंमत सेनापतीने चुकविली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी ज्ञानप्रबोधिनीचे विद्यार्थी जनरल मनोज नरवणे त्या पदावर आले, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले. पेढे आम्हीच आणविले होते. त्या संध्याकाळी आमचे बंधू डोंबिवलीहून आले नव्हते. आता ते कारण सांगतो.

१९७० साली आमचे वडील वारले. आम्ही एकवीस वर्षांचे, नुकतेच नोकरीस लागलेले, बंधू पंधरा वर्षांचे, आणि आई. पुढच्या वर्षी डिसेंबरात युद्ध झाले. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवून आम्ही रेडिओभोवती बसत असू, आणि बंधूंच्या वहीत रणगाड्यांची चित्रे वाढत होती. १९७२ मध्ये आम्हास न सांगता त्यांनी प्रबोधिनीची परीक्षा दिली व ते लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाले. मुलाखतीचे बोलावणे आले, आणि त्यासोबत पालकाच्या सहीचा कागद. पालक आम्ही होतो.

आम्ही सही केली नाही. कारणे पुष्कळ दिली. आईची प्रकृती, घरचे कर्ज, आपल्या कुळात कोणी सैन्यात गेलेले नाही, बुद्धिमान मुलाने इंजिनिअर व्हावे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही, आणि तिचे मौन आम्ही आपल्या बाजूचे धरले. बंधूंनी एकदाच विचारले, "दादा, आता नको असे म्हणतोस, की कधीच नको?" आम्ही म्हणालो, "नको म्हणजे नको." त्यांनी तो कागद उचलून घडी घातली. पुढे ते एका बँकेत लागले, वेळेवर बढत्या मिळाल्या, संसार नेटका केला. आमच्याशी त्यांचे वर्तन आजवर रेसभरही उणे झालेले नाही. त्या विषयावर मात्र त्र्याहत्तरातही नाही आणि नंतरही नाही, त्यांनी अवाक्षर काढले नाही.

वाचकांपैकी अनेक घरांत असा एखादा घडी घातलेला कागद असेल. आम्ही आजवर स्वतःची समजूत घालीत आलो की, कर्त्या पुरुषास कधी कधी कठोर व्हावे लागते, आणि सेनापतीही तसाच वागतो. ह्या दोन आठवड्यांच्या वाचनात ती समजूत टिकली नाही, आणि ती मोडली त्याच १९७१ च्या युद्धाने. त्या वर्षीच्या एप्रिलात पूर्व बंगालमध्ये सैन्य घालावे असा दिल्लीचा आग्रह होता. तेव्हा भूदलप्रमुख माणेकशा ह्यांनी पंतप्रधानांस स्पष्ट सांगितले की, आज ते शक्य नाही. पावसाळा तोंडावर आहे, नद्या समुद्रासारख्या होतील. उत्तरेचे घाट मोकळे आहेत, ते बर्फाने बंद झाले म्हणजे चीनकडून धोका उणा होईल. सैन्य व सामग्री एकत्र करण्यास अवधी हवा. तो अवधी त्यांना मिळाला, आणि डिसेंबरात तेरा दिवसांत युद्ध संपले.

आम्हीही नाही म्हटले आणि माणेकशांनीही. परंतु त्यांच्या नकाराला तारीख होती. केव्हा जाता येईल, त्यासाठी काय जमवावे लागेल, आणि ते न जमल्यास दोष कोणाचा, हे त्या नकारातच सांगितलेले होते. दुसऱ्या दिवसापासून ते त्या तयारीला लागले. आमचा नकार भीतीचा होता. भाऊ जाईल, कदाचित परत येणार नाही, आणि आईसमोर आम्हास उभे राहावे लागेल, ह्या भीतीला आम्ही कर्तव्याचे सोवळे नेसविले होते. खरा सेनापतीही भीत असणारच, किंबहुना त्यालाच अधिक भय असावे, कारण त्याच्या हातून परक्यांची मुले पाठविली जातात. परंतु ते भय तो दाणागोट्यात, नालांत आणि नकाशांत खर्ची घालतो. मुलांना घरी कोंडून तो आपली सुटका करून घेत नाही.

दोन आठवड्यांनी आम्ही डोंबिवलीस गेलो. नातीस समोर बसवून सांगितले, "सेनापती काय करतो, ते ऐक. तो दुसऱ्यांच्या मुलांची काळजी करतो, आणि तरीही त्यांना पाठवितो. केव्हा पाठवावयाचे नाही, हे वरच्यांना सांगतो, आणि का ते सांगतो. हुकूम झाला की आपला म्हणून पाळतो, आणि वेळ संपली की उठून जातो." ती म्हणाली, "म्हणजे तुमच्यासारखाच." मुलीने ते प्रेमाने म्हटले; आम्हास मात्र ते सोसले नाही. आम्ही म्हणालो, "नाही. आमच्यासारखा नव्हे. ते तुझ्या आजोबांना विचार." मग बंधूंकडे वळून, जे १९७२ साली म्हणावयास हवे होते ते म्हटले, "आमचे चुकले."

बंधू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दादा, आई तेव्हा फार घाबरली होती. ते मी पाहिले होते." एवढेच. त्यांनी आम्हास क्षमा केली की आमची बाजू सावरली, हे आम्हास कळले नाही, आणि विचारण्याचे धैर्यही झाले नाही. उठून त्यांनी नातीचा अर्ज पुढे ओढला व चष्मा लावून रकाने तपासू लागले.

वस्तुस्थिती आम्ही नातीपासून लपविलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना प्रबोधिनीची परीक्षा खुली झाली, २०२२ साली पहिली तुकडी आत गेली व २०२५ च्या मे महिन्यात त्यांतील सतरा जणी बाहेर पडल्या. पायदळ व रणगाडादल ह्या लढाऊ शाखा स्त्रियांस अद्याप बंद आहेत, आणि आजवरचे भूदलप्रमुख बहुतेक त्याच शाखांतून आले आहेत. म्हणजे तिच्यापुढची वाट लांबची आहे. लेखी परीक्षा ९०० गुणांची, पाच दिवसांची मुलाखतही ९०० गुणांची, निवड झाली तर तीन वर्षे खडकवासला आणि एक वर्ष पुढील शिक्षण. ती कदाचित निवडली जाणारही नाही. परंतु हा निर्णय आता परीक्षक करतील. घरच्या पंक्तीत तो होणार नाही.

सध्या पहाटे पाचला ती क्रीडासंकुलात धावावयास जाते. सत्तर वर्षांचे आमचे बंधू कडेला उभे राहून घड्याळ लावतात. आम्ही महिन्यातून एकदोन वेळा डोंबिवलीस मुक्काम करतो, तेव्हा त्यांच्यासोबत जातो व बाकावर बसतो. परवा तिची फेरी संपल्यावर त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, मग आमच्याकडे वळून विचारले, "दादा, कालच्यापेक्षा कमी की जास्त?" आम्ही खिशातली वही काढून पाहिले. चार सेकंद कमी होते.